चिठ्ठीवर लिहून देतो : रोज वीस मिनिटे सापशिडी, आणि मुलासमोर खोटे हरू नका



‘डॉक्टर, लेकरू मोबाईल दिल्याशिवाय घासच घेत नाही. काहीतरी टॉनिक द्या.’ बीडच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य आता ताप-खोकल्याइतकेच नेहमीचे झाले आहे. मूल चार-पाच वर्षांचे असते. वजन ठीक असते, रक्त ठीक असते, पोटात काही बिघाड नसतो. टॉनिकची गरज नसते. मग मी विचारतो, ‘मावशी, घरात याच्याशी कोण खेळतं?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘खेळतो की, मोबाईलवर.’

मोबाईलचे तोटे सांगणारे लेख आपण सगळ्यांनी वाचले आहेत. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेणे हे अर्धेच काम आहे. त्या रिकाम्या हातात काय द्यायचे आणि त्याच्या समोर कोण बसायचे, हे सांगितल्याशिवाय ‘मोबाईल बंद करा’ हा सल्ला टिकत नाही. तीन दिवस रडारड होते आणि चौथ्या दिवशी मोबाईल परत येतो. म्हणून अशा मुलांच्या चिठ्ठीवर मी लिहितो : ‘रोज २० मिनिटे सापशिडी किंवा कवड्या, घरातल्या मोठ्या माणसाबरोबर.’ लोक हसतात. पण हे मी गमतीने लिहीत नाही, आणि मी एकटाच असे म्हणतो असेही नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये खेळावर एक सविस्तर अहवाल काढला. लहान मुलांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी खेळ अक्षरशः लिहून द्यावा, असे त्यात सुचवले आहे.

हे आपल्याकडे नवे नाही

पटावरचे खेळ म्हणजे शहरी, महागडी खेळणी असा काहींचा समज असतो. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत बसल्याची शिल्पे आहेत, तीही एकाहून अधिक लेण्यांत. म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या कारागिरांनी जगाच्या आईवडिलांना दाखवायचे ठरवले, तेव्हा त्यांच्यामध्ये पट मांडला. सापशिडीचे मूळ रूप म्हणजे मोक्षपट. शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. त्याचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. ही श्रद्धेची बाब आहे, इतिहासाचा पक्का पुरावा म्हणून मी ती सांगत नाही. पण त्यांचे आपेगाव आपल्या गोदाकाठचेच, त्यामुळे ही आठवण आपल्याला जवळची वाटते. पुढे इंग्रजांनी हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशात नेला. आपल्या पचिसीवरून बेतलेल्या लुडोचे पेटंट १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले. आज आपण तोच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात विकत आणतो.

विकत आणायचीही गरज नाही. आपल्या आज्यांना चल्लस-आठ येते. शहाबादी फरशीवर खडूने किंवा कोळशाने पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरे आखायची, ठरलेल्या घरांत फुल्या मारायच्या. चार कवड्या घ्यायच्या. कवड्या नसतील तर चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, खडे, ज्वारीचे दाणे, काहीही चालते. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. गावागावात नियम थोडे बदलतात, पण खर्च कुठेच नाही. ‘मेंदूचा विकास करणारा’ असे छापून हजार-पंधराशे रुपयांना विकल्या जाणाऱ्या खेळांपेक्षा हा खेळ कुठेही कमी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळाने नेमके काय होते?

पटावरच्या खेळाने मूल ‘हुशार’ होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा. पण काही गोष्टी नीट तपासून पाहिलेल्या आहेत.

पहिली गोष्ट आकड्यांची. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतील गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. एका गटाला १ ते १० आकडे एका सरळ रेषेत असलेला पट दिला. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण त्यावर आकड्यांऐवजी रंग होते. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव झाले, इतकेच. आकड्यांचा पट खेळलेल्या मुलांना मोजणे, आकडा ओळखणे आणि दोन आकड्यांतला मोठा कोणता हे सांगणे आधीपेक्षा चांगले जमू लागले. नऊ आठवड्यांनंतर तपासले तेव्हाही फरक टिकून होता. रंगांचा पट खेळलेल्यांत तसे झाले नाही.

याचे कारण समजायला सोपे आहे. मूल जेव्हा तीनवरून सातवर जाते, तेव्हा सात हा आकडा ‘पुढे’ आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते, हाताने जाणवते आणि तोंडाने म्हणताना ऐकू येते. सात म्हणजे तीनपेक्षा जास्त अंतर, जास्त वेळ, जास्त उड्या. पाटीवर सात गिरवून हे कळत नाही.

इथे एक छोटी पण महत्त्वाची सूचना. मूल सापशिडीत पंचविसाव्या घरात आहे आणि तीनचे दान पडले, तर बहुतेक मुले सोंगटी सरकवताना ‘एक, दोन, तीन’ म्हणतात. त्याऐवजी त्याला ‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस’ असे म्हणायला लावा. याचाही अभ्यास झालेला आहे. घरावरचा आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांनाच खरा फायदा झाला, दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तितका झाला नाही. आपल्या मराठीत तर याची गरज जास्त आहे. एकोणतीस, त्रेचाळीस, सदुसष्ट हे शब्द मुलांना अवघड जातात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला ते आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण सापशिडीच्या एका डावात मूल कितीतरी मराठी आकडे मोठ्याने म्हणते, आणि कोणी शिकवतेय असे त्याला वाटतही नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. आपली पाळी येईपर्यंत हात आवरणे, नियम लक्षात ठेवणे, आपली सोंगटी मारली गेली तर नवा विचार करणे, ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामे आहेत. हा भाग सर्वांत सावकाश तयार होतो, अगदी विशीच्या पुढेही त्याची वाढ चालू असते. शाळेत बाकावर बसणे, वर्गात हात वर करून बोलणे, भांडणात हात न उगारणे हे सगळे याच क्षमतेवर उभे आहे. खेळात या क्षमतेचा सराव होतो. ती किती वाढते याचे आकडे मी देणार नाही, कारण ते मुलामुलाप्रमाणे बदलते. पण सराव होतो हे समोर बसलेल्या कोणालाही दिसते.

तिसरी गोष्ट बोलण्याची. ‘माझा साप तुला गिळणार बघ’, ‘आजी, तू दोनदा टाकलंस’, ‘आता सहा पडलं तर मी सुटलो’. एका डावात मूल किती वाक्ये बोलते ते एकदा मोजा. मोबाईलसमोर बसलेले मूल तेवढ्याच वेळात किती बोलते, तेही मोजा.

मोबाईलवरचा लुडो तोच नव्हे का?

हा प्रश्न तरुण वडील हमखास विचारतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलवरचा लुडो घराघरात पोहोचला. मोठ्यांनी तो खेळण्याला माझी हरकत नाही. पण पाच वर्षांच्या मुलासाठी तो तोच खेळ राहत नाही. तिथे फासा मोबाईल टाकतो, आकडा मोबाईल मोजतो, सोंगटी मोबाईल चालवतो आणि नियमही मोबाईलच सांभाळतो. मुलाकडे फक्त बोट लावणे उरते. ज्या चार गोष्टींसाठी हा खेळ द्यायचा, त्या चारही यंत्राने काढून घेतल्या. शिवाय समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मध्येच जाहिरात येते, आणि डाव संपला की लगेच दुसरा डाव समोर हजर होतो. पुठ्ठ्यावरचा खेळ संपतो, सोंगट्या डब्यात जातात, मूल उठते. ‘संपले’ हे कळणे ही सुद्धा एक सवय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनसमोर बसण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर आणखी चांगले. दोन वर्षांखाली तर नकोच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास हेच सांगते. जेवताना तर मोबाईल अजिबात नको, कारण पोट भरले हे मुलाला कळतच नाही.

ऊसतोडीला गेलेल्या घरांसाठी

आपल्या जिल्ह्याबद्दल लिहितो आहे, म्हणून हे टाळून चालणार नाही. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, गेवराई, केज, परळी, सगळीकडची गावे रिकामी होऊ लागतात. कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. काही मुले बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, आणि बरीचशी आजी-आजोबांजवळ राहतात. साठी-पासष्टीची आजी, तिचे गुडघे दुखतात, साखर वाढलेली, त्यात दोन-तीन नातवंडे. तिने लेकराच्या हातात मोबाईल दिला तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

पण मला वाटते, पटावरचा खेळ सर्वांत जास्त कुठे उपयोगी असेल तर याच घरात. आजीला मुलामागे पळता येत नाही, पण ओट्यावर बसून कवड्या टाकता येतात. तिला वाचता येत नसेल, पण चल्लस-आठचे नियम तिला नातवापेक्षा चांगले येतात. गृहपाठात नातू आजीला शिकवतो आणि तिथे आजीचा मान थोडा कमी होतो. खेळात आजी गुरू असते. सहा महिने आईवडिलांविना काढणाऱ्या मुलासाठी रोज ठरलेल्या वेळी ठरलेले माणूस समोर बसते, ही गोष्ट औषधाहून कमी नाही. दिवे लागल्यावर, जेवणाआधी एक डाव. वेळ रोज तीच ठेवा. दिवसभरात काय विस्कटले तरी संध्याकाळी आजी पट मांडते हे मुलाला माहीत असले की ते शांत राहते.

इथे मोबाईलचाही चांगला उपयोग आहे. फडावरून आईचा व्हिडिओ कॉल आला की बहुतेक मुले दोन मिनिटांत पळून जातात, कारण ‘जेवलास का, शाळेत गेलास का’ यापुढे बोलायला काही नसते. त्या वेळी पट मांडा. आईची एक सोंगटी ठेवा. तिच्या नावाने फासा लेकराने टाकायचा, दान मोठ्याने सांगायचे आणि कोणती सोंगटी चालवायची ते आईने सांगायचे. दहा मिनिटे कशी गेली कळत नाही, आणि दिवसभर मोळ्या बांधून थकलेल्या आईलाही लेकरू हसताना दिसते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही घरच्यांशी केलेल्या व्हिडिओ कॉलला स्क्रीनच्या बंधनातून सूट देते.

जी मुले फडावर बरोबर गेली आहेत, त्यांच्या आईवडिलांना मी उपदेश करणार नाही. पहाटेपासून राबून आलेल्या माणसाला ‘मुलाशी खेळा’ म्हणणे सोपे असते. इतकेच सुचवतो, की कोपीसमोरच्या मातीत काडीने आखलेला पट आणि आठ खडे एवढ्यावर मोठे भावंड धाकट्याला खेळवू शकते. आठवड्यातून एक डाव आईवडिलांबरोबर झाला तरी त्याची आठवण राहते.

आणि आजी-आजोबांसाठी एक गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ लोकांचा काही वर्षे मागोवा घेतला गेला आणि तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जे नियमित पटावरचे खेळ खेळत, वाचत, वाद्य वाजवत किंवा नाचत, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. खेळामुळेच तो टळला असे यावरून सिद्ध होत नाही. ज्यांचे डोके आधीपासून चांगले चालते तेच जास्त खेळत असतील, असेही असू शकते. पण यात नुकसान काही नाही, खर्च नाही, आणि दुपार बरी जाते.

मुद्दाम हरायचे का?

आता ज्यावर घरोघर मतभेद होतात तो प्रश्न. मूल हरले की रडते, पट उधळते, म्हणून मोठी माणसे मुद्दाम हरतात. आजोबा सोंगटी चुकीची चालवतात, आई सहा पडले तरी पाच म्हणते. माझे मत स्पष्ट आहे : असे करू नका.

चार-पाच वर्षांच्या मुलाला सुरुवातीला हे कळत नाही, पण लवकरच कळते. मग दोनपैकी एक होते. एक तर त्याला वाटते की जिंकणे हा आपला हक्कच आहे, आणि अंगणवाडीत किंवा गल्लीत कोणी मुद्दाम हरत नाही तेव्हा तो कोसळतो. नाही तर त्याला कळते की मोठी माणसे खेळातही खोटे बोलतात. दोन्ही धडे वाईट आहेत.

सापशिडीत तर याची गरजच नाही. तो खेळ पूर्ण दानाचा आहे. तिथे पाच वर्षांची नात आणि पन्नास वर्षांचा डॉक्टर अगदी समान असतात. दोघे खेळत असतील तर मूल प्रामाणिकपणे साधारण निम्मे डाव जिंकतेच. लहान मुलांसाठी नशिबाचा खेळ चांगला का, याचे उत्तर यातच आहे. हरलो तर मी ‘ढ’ आहे म्हणून नव्हे, दान पडले नाही म्हणून.

बुद्धीच्या खेळात, म्हणजे बुद्धिबळ, वाघ-बकरी, कॅरम यांत, मोठा माणूस सतत जिंकणार. तिथे खोटे हरण्याऐवजी उघडपणे नियम बदला. ‘मी वजिराशिवाय खेळतो.’ ‘मी डाव्या हाताने स्ट्रायकर मारतो.’ ‘तुला एक चाल परत घ्यायची सूट.’ हे मुलाला माहीत असते, म्हणून त्याचा विजय खरा असतो. मूल मोठे झाले की ते स्वतःच म्हणते, ‘आता वजीर घेऊन खेळा.’ त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

लुडोतही एक बदल जरूर करा. सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, हा नियम लहान मुलांसाठी फार जाचक आहे. हिशेब करून बघा : दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण १६ टक्के, म्हणजे सहातल्या एका मुलावर ही वेळ येणारच. पाच वर्षांच्या मुलाने दहा पाळ्या नुसते बघत बसायचे? म्हणून प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर ठेवा, आणि चारऐवजी दोनच सोंगट्यांनी खेळा. डाव वीस मिनिटांत संपतो.

मूल रडले, पट उधळला, तर?

चार-पाच वर्षांच्या मुलाने हरल्यावर रडणे हा आजार नाही आणि वाईट वळणही नाही. भावना आवरणारा मेंदूचा भाग अजून कच्चा आहे, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी :

१. हसू नका, ‘रडका’ म्हणू नका, मोबाईलवर त्याचे रडणे चित्रित करू नका.
२. जे झाले ते साध्या शब्दांत बोला. ‘साप गिळला म्हणून वाईट वाटलं ना? मलाही वाटलं होतं मघाशी.’
३. लगेच समजूत म्हणून चॉकलेट किंवा मोबाईल देऊ नका. रडण्याचे बक्षीस मिळते हे मूल पटकन शिकते.
४. सोंगट्या फेकल्या तर डाव तिथेच थांबवा, ओरडू नका. शांत झाल्यावर सोंगट्या त्यालाच गोळा करू द्या, तुम्ही मदत करा. पुढचा डाव उद्या.
५. तुम्ही स्वतः हरलात तर कसे वागता हे मूल बघत असते. ‘चांगला खेळलास, उद्या बघतो तुला’ म्हणून हसत उठा.

आणखी एक विनंती. डाव रंगात आला की ‘ताई, जरा चहा टाक’ म्हणून मुलीला उठवू नका आणि तिची पाळी भावाला देऊ नका. दान तिचे आहे, तीच टाकेल. चहा पाच मिनिटांनी झाला तरी चालतो.

‘पण याने जुगाराची सवय लागेल!’

काही ज्येष्ठ मंडळी हा आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. द्यूतात सर्वस्व हरलेल्या पांडवांची गोष्ट आपण मुलांना सांगतोच, आणि गावागावात पत्त्यांच्या डावाने बुडालेली घरे आपण पाहिली आहेत. पण फरक फाशात नाही, पणात आहे. पैसे, वस्तू, अगदी ‘हरणाऱ्याने गोळ्या द्यायच्या’ असा पणही लहान मुलांच्या खेळात नको. उलट पण न लावता खेळायची आणि हरून शांतपणे उठायची सवय लहानपणी लागली तर ती पुढे उपयोगीच पडेल, असे मला वाटते.

वयानुसार काय खेळावे?

तीन वर्षांपर्यंत : नियमांचा आग्रह नको. रंग जुळवणे, मोठे ठोकळे एका रांगेत लावणे, एवढे पुरे.

चार ते पाच वर्षे : एका सरळ रेषेत १ ते १० किंवा १ ते २० घरे स्वतः आखा. शंभर घरांची सापशिडी या वयात गोंधळात टाकते, कारण एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढची उलटी फिरते. एक डाव दहा-पंधरा मिनिटांचा ठेवा.

सहा ते सात वर्षे : पूर्ण सापशिडी, दोन सोंगट्यांचा लुडो, चल्लस-आठ.

आठ वर्षांनंतर : कॅरम, वाघ-बकरी, बुद्धिबळ, ‘नवा व्यापार’. व्यापारात बँक मुलाकडे द्या, बेरीज-वजाबाकी आपोआप होते.

वय हा फक्त अंदाज आहे. मूल कंटाळले तर डाव अर्ध्यावर सोडा. खेळ हा गृहपाठ झाला की त्याचा उपयोग संपला.

खेळताना या गोष्टींकडे लक्ष द्या

रोज समोर बसणाऱ्या माणसाला जे दिसते, ते डॉक्टरला पाच मिनिटांत दिसत नाही. म्हणून डोळे उघडे ठेवा.

मूल पट डोळ्यांजवळ नेऊन किंवा मान वाकडी करून बघत असेल तर नजर तपासून घ्या. पाच वर्षांनंतरही लाल आणि हिरव्या सोंगटीत वारंवार गल्लत होत असेल, विशेषतः मुलगा असेल, तर रंगांधळेपणाची तपासणी करावी. हा दोष मुलांमध्ये जास्त आढळतो, तो जन्मजात असतो आणि त्यावर रागावून उपयोग नसतो. ‘तुझी पाळी’ मागून सांगितलेले ऐकू येत नसेल तर कान तपासा. तीन-चार वर्षांचे मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोलत नसेल, सोंगट्या फक्त एकाच पद्धतीने फिरवत राहत असेल, तर ‘मोठे झाल्यावर बोलेल’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या. वेळेवर सुरू केलेल्या उपचाराचा फायदा मोठा असतो. मात्र एखाद्या लक्षणावरून घरीच निदान करून घाबरू नका.

सुरक्षेचे दोन मुद्दे. कवड्या, चिंचोके, फासे, लहान सोंगट्या तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतात. डाव संपला की सोंगट्या मोजून डब्यात भरा. आणि दिवे लागणारी, आवाज करणारी खेळणी आणली असतील तर त्यातील बटणासारख्या सेलचे झाकण स्क्रूने घट्ट आहे ना ते बघा. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजण्यास सुरुवात होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.

मैदानाची जागा पट घेऊ शकत नाही

शेवटी एक समतोलाची गोष्ट. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, त्यातला एक तास तरी दमवणारी असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पळणे, झाडावर चढणे, लंगडी, सायकल हे हवेच. पटावरचा खेळ हा बसून खेळायचा आहे, तो मैदानाच्या वेळेतून कापू नका, मोबाईलच्या वेळेतून कापा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, दुपारी बारा ते चार मुलांना उन्हात सोडता येत नाही. ती चार तासांची दुपारच सर्वांत जास्त मोबाईलकडे जाते. तेव्हा माठातले पाणी जवळ ठेवा, फरशीवर पट आखा आणि बसा.

एवढे करायला पैसे लागत नाहीत, डिग्री लागत नाही. लागतात घरातली वीस मिनिटे, आणि त्या वीस मिनिटांत मोठ्या माणसाचा स्वतःचा मोबाईल दुसऱ्या खोलीत. खरे सांगायचे तर आई-वडील, आजी-आजोबांना यातले हेच शेवटचे सर्वांत अवघड जाते, मुलांना नाही. आज संध्याकाळी करून बघा. आठ दिवस सलग खेळल्यावर घरात काय फरक पडला, ते पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा जरूर सांगा.